शाळकरी मुलाचा तोतरेपणा : घरी आणि शाळेत टप्प्याटप्प्याने काय करावे

सकाळच्या परिपाठात साऱ्या वर्गाबरोबर प्रतिज्ञा म्हणताना एकदाही न अडखळणारा मुलगा सुविचार सांगायला एकटा पुढे आला की पहिल्याच शब्दावर अडतो, आणि तोच मुलगा संध्याकाळी मांजराशी किंवा धाकट्या भावंडाशी अगदी मोकळेपणाने बोलत असतो. हे पाहून मोठी माणसे साधारणपणे दोन निष्कर्ष काढतात : एक तर हा मुद्दाम करतो, नाही तर याच्यात आत्मविश्वास नाही. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. इतरांच्या सुरात सूर मिसळून बोलताना, गाताना आणि एकांतात बोलताना तोतरेपणा जवळजवळ नाहीसा होणे हे त्याचे जगभर आढळणारे लक्षण आहे. आपला शब्द आपल्याला हव्या त्या क्षणी, समोरच्याच्या नजरेसमोर सुरू करायचा असतो, तेव्हाच बोलण्याची यंत्रणा अडते.

तोतरेपणा बहुधा वयाच्या 2 ते 5 वर्षांच्या दरम्यान सुरू होतो. शंभरातील साधारण पाच मुले लहानपणी केव्हा ना केव्हा काही काळ अडखळतात आणि त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांचे अडखळणे पुढे थांबते. मोठेपणीही तोतरेपणा राहिलेल्यांचे प्रमाण सुमारे एक टक्का आहे. शाळकरी वयात मुलींच्या तुलनेत मुलांमध्ये तो तीन ते चार पट आढळतो. त्याचे मूळ मेंदूत बोलण्याच्या हालचालींची वेळ जुळवणाऱ्या व्यवस्थेत असते आणि आनुवंशिकतेचा त्यात मोठा वाटा असतो. 2010 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी काही पाकिस्तानी कुटुंबांच्या अभ्यासातून त्याच्याशी निगडित तीन जनुकेही दाखवून दिली. घाबरल्याने, दुसऱ्याची नक्कल केल्याने किंवा आईवडिलांच्या शिस्तीमुळे तोतरेपणा जडत नाही. भीतीने तो वाढतो, हे मात्र खरे.

सात-आठ वर्षांच्या पुढे अडखळणे टिकून असेल तर ते आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते. म्हणून शाळकरी मुलाच्या बाबतीत मी उद्दिष्टांचा क्रम असा मानतो : मुलाने बोलणे टाळू नये हे पहिले, अडखळताना त्याला झटापट करावी लागू नये हे दुसरे, आणि ओघ वाढावा हे तिसरे. हा क्रम उलटा लावणाऱ्या घरांत पुष्कळदा ओघही येत नाही आणि मूल गप्प मात्र होते.

पहिले दोन आठवडे फक्त निरीक्षण

एक वही करावी आणि मुलाला काहीही न सुचवता तो केव्हा, कोणाशी आणि कसा अडखळतो हे टिपावे. अडखळण्याचे प्रकार तीन : अक्षर किंवा शब्द पुन्हा पुन्हा येणे, जसे ‘क-क-क-कविता’; आवाज लांबणे, जसे ‘श्श्श्शाळा’; आणि तोंड तयार असूनही आवाजच न फुटणे, म्हणजे ‘पाणी’ म्हणताना ओठ घट्ट मिटलेले, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, आणि दोन-तीन सेकंद शांतता. त्याबरोबर डोळे मिचकावणे, मान झटकणे, मांडीवर थाप मारणे असे काही होत असेल तर तेही लिहावे, कारण या हालचाली म्हणजे शब्द बाहेर ढकलण्याची धडपड असते.

याहून कठीण, पण अधिक महत्त्वाचे म्हणजे लपवालपवी ओळखणे. मूल ‘पाणी दे’ऐवजी ‘तहान लागली’ म्हणते का, प्रत्येक वाक्याआधी ‘म्हणजे ते आपलं’ असा टेकू घेते का, उत्तर येत असूनही ‘माहीत नाही’ म्हणते का, फोन वाजला की उठून जाते का? ज्या शब्दाला पर्याय नाही तो शब्द सर्वांत जड जातो आणि तो बहुधा स्वतःचे नाव असतो. वरवर फारसे न अडखळणारे मूल असे शब्द बदलत-बदलत दिवस काढत असेल, तर त्याचा त्रास सतत अडखळणाऱ्या मुलापेक्षा जास्त असू शकतो.

मोजमाप हवे असेल तर मुलाची परवानगी घेऊन पाच मिनिटांच्या गप्पा मोबाईलवर रेकॉर्ड कराव्यात आणि कानाला ऐकू येणारी 300 अक्षरे मोजावीत. येथे लिपीतली नव्हे, उच्चारातली अक्षरे धरायची : ‘घर’ एक, ‘घरात’ दोन, ‘घराबाहेर’ चार. पुन्हा म्हटलेली अक्षरे मोजायची नाहीत. त्यांपैकी 12 अक्षरांवर अडखळले तर प्रमाण 4 टक्के झाले. हे महिन्यातून एकदा पुरे. रोज मोजल्यास घराची प्रयोगशाळा होते. रोजच्यासाठी ‘आजचा दिवस 0 ते 10 मध्ये कितीचा’ (0 म्हणजे अडखळणे नाही, 10 म्हणजे फारच) एवढा एक आकडा वहीत लिहिला तरी चालतो.

दहा वर्षांच्या पुढे अडखळणे एकाएकी सुरू झाले, किंवा ते डोक्याला मार लागल्यावर, फिट आल्यावर अथवा नवे औषध सुरू केल्यावर दिसू लागले, तर वहीत वेळ न घालवता आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

स्पीच थेरपिस्ट निवडणे

निरीक्षणाची वही घेऊन पात्र स्पीच थेरपिस्टकडे जावे. ‘पात्र’ याचा अर्थ बी.ए.एस.एल.पी. (श्रवण व वाचा-उपचार या विषयाची पदवी) किंवा त्यापुढची पदवी आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी. ती विचारण्यात संकोच नसावा. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आणि नायर रुग्णालयातील विभाग, पुण्यात भारती विद्यापीठाचे या विषयाचे महाविद्यालय, तर दक्षिणेकडे म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था येथे शिक्षण आणि उपचार दोन्ही चालतात. जिल्ह्याच्या ठिकाणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली चालणाऱ्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करावी, आणि सरकारी शाळेत या कार्यक्रमाचे तपासणी पथक येते तेव्हा मुलाच्या बोलण्याचा विषय आपण होऊन काढावा, कारण पथकासमोर मूल बहुधा गप्प बसते आणि तपासणीत काही दिसत नाही. गावात थेरपिस्ट नसेल तर व्हिडिओवरची सत्रे हा चांगला मार्ग आहे. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही मराठी बोलणारा थेरपिस्ट असाच मिळू शकतो.

पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचाराव्यात : शाळकरी मुलांच्या तोतरेपणावर आपण किती काम केले आहे, घरच्यांनी काय करायचे हे आपण शिकवाल का, आणि प्रगती कशावरून ठरवाल. उत्तरात फक्त ‘अडखळणे शून्य’ एवढेच येत असेल तर थोडे थांबावे. ‘पंधरा दिवसांत हमखास बरा’ अशी जाहिरात करणाऱ्यांकडे तर जाऊच नये. तेथे एका ठेक्यात, रोबोटसारखे बोलायला शिकवतात. आठवडाभर चमत्कार वाटतो आणि शाळेत गेल्यावर तो टिकत नाही, कारण कोणतेही मूल वर्गात तसे बोलायला तयार नसते.

तोतरेपणावर खास मान्यता मिळालेले औषध आज नाही. जिभेला वेखंड उगाळून लावणे किंवा अक्कलकारा चघळायला देणे याने ओघ सुधारत नाही, आणि तोंडात गोट्या किंवा खडे ठेवून बोलायला लावणे घशात अडकण्याच्या दृष्टीने सरळसरळ धोक्याचे आहे. ‘जीभ जड आहे, खालचा दोरा कापून घ्या’ हा सल्लाही जुनाच. 1841 मध्ये बर्लिनचे शल्यचिकित्सक डिफेनबाख तोतऱ्या माणसांच्या जिभेचा तुकडाच कापून काढत असत. रुग्णांना यातना झाल्या आणि तोतरेपणा राहिला. अडचण जिभेच्या लांबीत नसतेच.

इंग्रजी माध्यमाच्या शाळांत ‘घरी मराठी बंद करा, एकच भाषा ठेवा’ असेही सांगितले जाते. दोन भाषा बोलल्याने तोतरेपणा होत नाही. आजीशी ज्या भाषेत बोलायचे तीच बंद करून मुलाचा एक हक्काचा श्रोता मात्र कमी होतो.

विषय उघड करणे

घरात सगळ्यांना ठाऊक असलेली पण कोणीच न उच्चारलेली गोष्ट मुलाला लाजिरवाणी वाटू लागते. म्हणून एखाद्या निवांत वेळी, अडखळल्यानंतर लगेच नव्हे, आईने किंवा बाबांनी साध्या शब्दांत बोलावे : “काही शब्द तुझ्या तोंडात अडकतात, हे मला माहीत आहे. त्यात तुझी चूक नाही. बोलायला कितीही वेळ लागला तरी मी ऐकणार आहे.” मूल त्या दिवशी काही बोलले नाही तरी हरकत नाही. त्याला कोणता शब्द आवडतो तेही त्यालाच विचारावे, ‘अडकणे’, ‘तोतरेपणा’ की ‘स्टॅमरिंग’, आणि पुढे घरात तोच वापरावा.

घरच्यांनी बदलायच्या गोष्टी

‘हळू बोल’, ‘श्वास घे’, ‘नीट विचार करून बोल’ ही तीन वाक्ये आजपासून बंद करावीत. ती प्रेमापोटी येतात, पण मुलाच्या कानावर एवढेच पडते की तू काय बोललास यापेक्षा कसे बोललास हे आम्ही ऐकत होतो. 1939 मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात अनाथाश्रमातील मुलांवर एक प्रयोग झाला. त्यात चांगले बोलणाऱ्या काही मुलांना तुम्ही तोतरे बोलता असे सांगून सतत टोकण्यात आले. ती मुले तोतरी झाली नाहीत, पण बुजली आणि कमी बोलू लागली. विद्यापीठाने त्याबद्दल 2001 मध्ये जाहीर माफी मागितली.

मुलाला हळू बोलायला सांगण्याऐवजी आपण स्वतः सावकाश बोलावे. मुलाचे वाक्य संपल्यावर मनात ‘एक, दोन’ म्हणावे आणि मग उत्तर द्यावे. एवढ्याने घरातल्या बोलण्याची घाई कमी होते. शब्द अडला की तो आपण पुरा करून देऊ नये, नजर दुसरीकडे वळवू नये आणि चेहऱ्यावर दयेचा भावही आणू नये. “शाळेत काय झालं? डबा खाल्लास? बाई काय म्हणाल्या?” अशा प्रश्नांच्या फैरीऐवजी आपल्या दिवसातले काही सांगून थांबावे, म्हणजे मुलाला हवे तेव्हा बोलता येते. एकत्र कुटुंबात जेवणाच्या वेळी सगळे एकाच वेळी बोलत असतात आणि अडखळणाऱ्याची पाळी येतच नाही. तेव्हा ‘एकाचे संपल्यावर दुसऱ्याने’ हा नियम सर्वांना, काकांनाही, सारखाच लावावा. पाहुणे आले की ‘कविता म्हणून दाखव’ हा कार्यक्रम मुलाला विचारल्याशिवाय करू नये.

याशिवाय रोज पाच-दहा मिनिटे मूल आणि एकच मोठा माणूस, मोबाईल दूर ठेवून, मुलाच्या आवडीचे काहीतरी करत बसलेले असावेत. त्या वेळेत बोलण्याची कोणतीही दुरुस्ती नसते.

सराव

थेरपिस्टने घालून दिलेला सराव रोज दहा मिनिटे, ठरलेल्या वेळी करावा आणि ती वेळ संपली की विषय मिटवावा. जेवताना, रस्त्यात किंवा रागाच्या भरात बोलताना ‘आपलं तंत्र वापर’ असे सांगितले की तंत्राचाच तिटकारा येतो. पुढील पायऱ्या बहुतेक उपचारांत या ना त्या रूपात असतात.

सुरुवात जोर ओळखण्यापासून करावी. आरशासमोर मुलाने ‘पाणी’ हा शब्द मुद्दाम ओठ घट्ट दाबून म्हणावा आणि नंतर ओठ एकमेकांना जेमतेम लागतील असा म्हणावा. पहिल्या वेळी ओठ पांढरे पडतात, दुसऱ्या वेळी ‘प’ किंचित ‘फ’कडे झुकल्यासारखा वाटतो; सरावात तसा वाटला तरी चालेल. हेच ‘बाबा’, ‘टेबल’, ‘दप्तर’, ‘कागद’ या शब्दांत करावे आणि प्रत्येक वेळी जोर कुठे लागला, ओठात, जिभेच्या टोकाला की घशात, हे मुलानेच सांगावे. आईबाबांनीही हा खेळ खेळावा. मुद्दाम अडखळून दाखवावे, मुलाला परीक्षक करावे आणि ‘हे खरं वाटत नाही, अजून जोर लावा’ असे त्याला म्हणू द्यावे. स्वतःहून अडखळता येते, हे कळले की अडखळण्याचा धाक उतरू लागतो.

स्वराने सुरू होणाऱ्या शब्दांची गोष्ट निराळी. ‘आई’, ‘आजोबा’, ‘उद्या’ या शब्दांत अडकण्याची जागा घशात असते. तेथे आधी थोडा श्वास बाहेर सोडावा आणि त्यावरच आवाज अलगद चढवावा; ‘आई’ म्हणताना आधी अस्पष्ट ‘ह’ ऐकू आल्यासारखे होते. येथे एक चूक हटकून होते : मूल छाती भरून श्वास घेते, तो रोखून धरते आणि मग बोलू पाहते. त्याने घसा आणखी आवळतो. श्वास नेहमीइतकाच हवा, फक्त तो वाहता हवा.

त्यानंतर पहिले अक्षर किंचित लांबवण्याचा सराव. ‘मऽला खेळायला जायचंय’ यात पहिले अक्षर सैल आणि लांब, पुढचे सारे नेहमीच्या वेगाने. संपूर्ण वाक्य लांबवू नये, त्याने बोलणे कृत्रिम होते. शेवटी थांबे. पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यावर पेन्सिलीने उभ्या रेघा माराव्यात : ‘एका गावात | एक म्हातारी | राहत होती.’ प्रत्येक रेघेशी थांबायचे आणि पुढच्या तुकड्याची सुरुवात सैल करायची. एक उतारा तीनदा वाचावा. पहिल्यांदा आईबरोबर एकसुरात, दुसऱ्यांदा आईने अर्ध्यात आवाज सोडून द्यायचा, तिसऱ्यांदा एकट्याने. अनेक मुले तिसऱ्या वाचनात पहिल्यापेक्षा फार अडखळत नाहीत आणि ते त्यांचे त्यांनाच ऐकू येते.

हे सारे करूनही शब्द अडकतोच. अशा वेळी काय करायचे, ते स्वतः तोतरे असलेले अमेरिकी तज्ज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर यांनी दाखवले आणि आजही तीच पद्धत शिकवली जाते. अडखळून शब्द बाहेर पडल्यावर लगेच पुढे पळायचे नाही. क्षणभर थांबायचे, कुठे जोर लागला ते आठवायचे आणि तोच शब्द सैल करून पुन्हा म्हणायचा. हे जमू लागले की पुढची पायरी म्हणजे अडकलेल्या क्षणातच जोर कमी करणे : ‘क-क-’ झाले की झटका न देता तो ‘क’ धरून ठेवायचा, जिभेचा मागचा भाग सैल सोडायचा आणि ‘कऽविता’ असे सावकाश बाहेर यायचे. आठ-नऊ वर्षांच्या आतल्या मुलाला हे अवघड जाते. त्याला सैल सुरुवात आणि थांबे एवढेच पुरे.

सोप्या जागेकडून अवघड जागेकडे

घरात जमलेले वर्गात आपोआप जमत नाही, आणि पुष्कळ पालक येथेच निराश होतात. मुलाबरोबर बसून बोलण्याच्या प्रसंगांची चढती यादी करावी. एखाद्याची यादी अशी असू शकेल : आईशी बोलणे, आजीला फोन करणे, शेजारच्या काकूंकडे निरोप देणे, वाण्याकडे ‘अर्धा किलो साखर द्या’ म्हणणे, रिक्षावाल्याला पत्ता सांगणे, वर्गात हात वर करणे, परिपाठात दिनविशेष वाचणे. क्रम मुलानेच लावावा, कारण एकाला फोन सोपा तर दुसऱ्याला तोच सर्वांत अवघड असतो. एका पायरीवर भीती निम्म्यावर आली की पुढची घ्यावी. दुकानात मूल अडखळले आणि तरी साखर घेऊन आले तर ती पायरी जमली असे धरावे. न अडखळता पण फक्त चिठ्ठी पुढे करून आले असेल तर नाही. शाबासकीही त्यानुसार द्यावी : “किती छान, एकदाही अडखळला नाहीस” यापेक्षा “गर्दी होती तरी तूच सांगितलंस” हे बरे, कारण पहिल्या वाक्यामुळे पुढच्या वेळी अडखळणे हा पराभव होऊन बसतो.

शाळा

सत्राच्या सुरुवातीलाच वर्गशिक्षकांना भेटावे आणि मागे राहील असे एक पत्र द्यावे. पत्र मुलाला आधी वाचून दाखवावे. साधारण मजकूर असा :

“आदरणीय बाई, माझा मुलगा बोलताना अडखळतो. त्याला उत्तर येत असते, शब्द सुरू व्हायला वेळ लागतो. कृपया त्याचे वाक्य पुरे करू नये व त्याला घाई करू नये. त्याला वर्गात बोलण्यातून वगळू नये. मात्र प्रश्न विचारताना शक्य तर त्याची पाळी आधी घ्यावी, कारण वाट पाहताना ताण वाढत जातो. हजेरीला ‘हजर’ म्हणणे जड गेल्यास हात वर केलेला चालावा. त्याच्यावर उपचार सुरू आहेत व थेरपिस्ट आपल्याशी बोलण्यास तयार आहेत.”

‘वगळू नये’ हे वाक्य मुद्दाम आहे. दयाळू शिक्षक अशा मुलाला विचारणेच सोडून देतात, आणि वर्षअखेरीस मूल वर्गात असून नसल्यासारखे होते. प्रकट वाचन दोघांनी मिळून एकसुरात करणे हा चांगला मधला मार्ग आहे. भाषा विषयांच्या तोंडी परीक्षेत वेळेचे बंधन सैल ठेवावे, परीक्षकांना आधी कल्पना द्यावी, आणि गुण आशयाला व भाषेला द्यावेत, वेगाला नव्हे. यासाठी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज आणि थेरपिस्टचे पत्र परीक्षेच्या बरेच आधी दिलेले बरे. ऐनवेळी सगळ्यांचीच अडचण होते.

चिडवणे होणारच असे धरून चालावे. ‘दुर्लक्ष कर’ हा सल्ला मुलाला एकटे पाडतो. त्यापेक्षा घरी बसून दोन-तीन छोटी, सहज उत्तरे तयार करावीत आणि त्यांची रंगीत तालीम घ्यावी : “हो, मी अडखळतो. मग?” किंवा “माहीत आहे मला, पुढचं ऐक.” मुलगा हे उत्तर अडखळत म्हणाला तरी त्याचा परिणाम कमी होत नाही. मारहाण, रोजचा छळ किंवा टोळीने नक्कल करणे असेल तर मात्र ते मुलावर सोडू नये. तारीखवार नोंद करून शाळेकडे लेखी तक्रार करावी. मुलाची तयारी असेल तर त्यानेच वर्गात तोतरेपणाविषयी पाच मिनिटे सांगावे. 22 ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय तोतरेपणा जागृती दिन त्यासाठी सोयीचा पडतो, दिवाळीच्या सुटीत आला तर आठवडाभर आधी. थोड्या मोठ्या मुलांना दि इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनसारख्या स्वमदत गटांतली माणसे भेटवावीत, म्हणजे अडखळत नोकरी, संसार, भाषणे करणारी माणसे त्यांना प्रत्यक्ष दिसतात.

चढउतार आले तर

तोतरेपणा सरळ रेषेत कमी होत नाही. परीक्षा, आजारपण, अपुरी झोप, नवी शाळा, घरातले लग्न अशा काळात तो वाढतो, आणि कधी काहीच कारण नसतानाही वाढतो. वहीतला आकडा दोन-तीन आठवडे चढा राहिला तर नवी पायरी थांबवावी, सोप्या पायरीवर परत यावे, घरातली धावपळ कमी करावी आणि सरावात फक्त एकसुरात वाचन ठेवावे. सहा आठवड्यांनंतरही फरक नसेल, किंवा मूल पुन्हा शब्द बदलू लागले, शाळेत जाणे टाळू लागले, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता थेरपिस्टला फोन करावा. सत्रे आठवड्याला एक यावरून महिन्याला एक अशी विरळ करत न्यावीत, एकदम बंद करू नयेत. पाचवीतून सहावीत किंवा दहावीनंतर महाविद्यालयात जाताना दोन-तीन सत्रे नव्याने घेतलेली उपयोगी पडतात, कारण तेथे स्वतःचे नाव पुन्हा साऱ्या नव्या लोकांना सांगायचे असते.